सहावा डबा

इंदूरच्या माणसाला कचरा कळतो. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात शहर वरच राहिलं आणि त्या अभिमानात आम्ही घरोघरी पारंगत झालो. सकाळी गाडी दारात आली की ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा प्रकार वेगवेगळे द्यायचे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यानं चहाचा चोथा आणि बिस्किटाचा कागद एकाच डब्यात टाकला, तर चार वर्षांचं पोरही त्याला टोकतं. देवगुराडियाला कचऱ्याचे डोंगर होते, तिथे आता ओल्या कचऱ्यातून गॅस निघतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टनांची आहे. आम्ही हे आकडे बाहेरगावच्या नातेवाइकांना तोंडपाठ ऐकवतो, त्यांनी विचारलं नसलं तरी.

माझी शंका आहे ती सहाव्या डब्याबद्दल. कोणती वस्तू कुठल्या डब्यात जाते हे इतकं पक्कं ठाऊक झालंय, की ती मुळात टाकायची का, हा प्रश्न मागेच पडलाय. केळ्याच्या सालीबाबत तो विचारायची गरज नाही. दहा वर्षं वापरलेल्या लॅपटॉपबाबत आहे. पण ‘योग्य डब्यात टाकला’ याचं समाधान एवढं मोठं असतं, की माणूस हात झटकून मोकळा होतो.

२०२५ च्या दिवाळीत हे फार जवळून पाहायला मिळालं. संगणक चालवणाऱ्या विंडोज १० प्रणालीला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबरला संपला, आणि धनत्रयोदशी होती १८ तारखेला. म्हणजे माळे रिकामे करायच्या, जाळीजळमटं काढायच्या ऐन आठवड्यात संगणकाच्या पडद्यावर सूचना येत होत्या की आता सुरक्षेची अपडेट्स मिळणार नाहीत. काही अटी मान्य केल्या तर आणखी एक वर्ष मुदत मिळत होती, पण ती बारीक अक्षरं वाचणार कोण? विंडोज ११ हवं तर टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा, म्हणजे २०१७ नंतर बाजारात आलेला. आमच्या लोकमान्य नगरात मुलांच्या इंजिनीअरिंगसाठी घेतलेले बहुतेक लॅपटॉप त्याच्या आधीचे. मुलं बंगळुरूला, पुण्याला, काही त्याही पलीकडे गेली. लॅपटॉप आईवडिलांकडे राहिले. त्यावर व्हिडिओ कॉल व्हायचे, विजेचं बिल भरलं जायचं, एखादी पत्रिका जुळवली जायची. आदल्या दिवशी जे यंत्र ठीक होतं, ते दुसऱ्या दिवशी घरच्यांच्या लेखी ‘खराब’ झालं. त्यात काहीही बिघडलं नव्हतं. एका कंपनीच्या कॅलेंडरातली एक तारीख उलटली होती, इतकंच.

असे लॅपटॉप दुरुस्त करून पुन्हा कुणाला तरी द्यायच्या कामात पडायचं मला धाडस झालं ते नोकरीमुळे. मी बँकेत होते. १९८४ मध्ये रंगराजन समितीनं बँकांमध्ये संगणक आणायची शिफारस केली आणि पुढे काही वर्षांनी आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं यंत्र आलं. खातेवहीच्या नोंदी त्यावर व्हायच्या. सगळे त्याला एएलपीएम म्हणत. युनियनचा विरोध, त्याच्यासाठी खास थंडगार खोली, आत जाताना चपला बाहेर. घामाघूम ग्राहक काउंटरपलीकडे आणि यंत्र एसीत, यावर त्या काळी शाखेत पुष्कळ विनोद झाले. नंतर युनिक्स या प्रणालीवर चालणारी यंत्रं आली. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक छोटी रेघ, आणि आज्ञा टाइप करायच्या. माऊस वगैरे काही नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर भाच्यानं विंडोजच्या जागी बसवता येणारं लिनक्स पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा मी त्याच्यापेक्षा कमी बिचकले. ते युनिक्सच्याच चालीचं आहे. काळी खिडकी उघडली आणि मला एकदम दिवसअखेरीचा ताळा आठवला.

जेल रोड माहीत नाही असा इंदुरी विरळा. मोबाइल, चार्जर, जुने मॉनिटर, रॅमच्या पट्ट्या, सगळं तिथे. ज्या दुकानात मी जाते ते दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि एक स्टूल. तिथला दुरुस्ती करणारा पोरगा मला आंटी म्हणतो, मी त्याला भैया म्हणते, आणि गिऱ्हाइकाला खोटं सांगायचं नाही हा त्याचा नेम आहे. पहिल्यांदा एका शेजाऱ्यांचा लॅपटॉप घेऊन गेले तेव्हा त्यानं तो उघडला, फुंकर मारली आणि म्हणाला, “आंटी, मशीन में तो दम है, बस सांस नहीं ले पा रही.” पंख्याच्या जाळीत माळव्याच्या धुळीचा असा थर बसला होता, की तो चिमट्यानं सोलून काढावा लागला. आतून हवाच जात नव्हती. हवा नाही म्हणून प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि घरातले म्हणतात संगणक म्हातारा झाला.

त्या टेबलाशी बसून मी बरंच शिकले. प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये पेस्ट असते, ती वर्षानुवर्षांनी वाळून खडू होते. पुसून नवी लावायची. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात मळले की पडदा काळाच राहतो. शाळेतलं साधं खोडरबर घेऊन ते हलक्या हातानं घासायचे. ही मला थट्टाच वाटली होती, पण बंद पडलेले कितीतरी संगणक नुसत्या खोडरबरानं उठतात. घड्याळ सारखं मागे जात असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. डेस्कटॉपच्या बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणाऱ्या इवल्या डब्या, डोक्यावर फुगलेले दिसले की समजायचं, इथे डाग द्यावा लागणार. आणि सगळ्यात मोठा फरक पडतो तो फिरणारी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवल्यानं. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक बारीक हात माहिती शोधत पुढेमागे धावतो. एसएसडीत हलणारं काहीच नसतं. प्रोसेसर तोच, बोर्ड तोच, आणि तीन मिनिटांत सुरू होणारं यंत्र अर्ध्या मिनिटात सुरू होतं.

इथपर्यंत हे नुसतं दुरुस्तीचं काम झालं. पुढचा प्रश्न भैया नेहमीच्या सवयीनं विचारतो: “विंडोज डाल दूँ?” त्याचा अर्थ चोरीचं विंडोज, हे त्यालाही ठाऊक असतं आणि गिऱ्हाइकालाही. दान केलेल्या यंत्रात चोरीचा माल घालून द्यायचा, हे मला पटत नाही. शिवाय नवं विंडोज त्या यंत्राला पेलत नाही आणि जुन्याला आता कुणी वाली नाही. इथे मुक्त सॉफ्टवेअर कामाला येतं, आणि ते फुकट आहे म्हणून नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचा आग्रह चार गोष्टींचा आहे: हवं तसं वापरा, आत काय आहे ते पाहा आणि बदला, दुसऱ्याला प्रत द्या, बदललेली प्रतही द्या. तिसरी गोष्ट माझ्यासारखीच्या कामाची. एकाच पेनड्राइव्हवरून मी पूर्ण गल्लीचे संगणक चालू करू शकते आणि कुणाचाही कायदा मोडत नाही. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्‌सनं लिनक्सचा गाभा लिहिला, तोही स्वतःच्या खोलीतल्या एका साध्या ३८६ संगणकासाठीच. मोठ्या यंत्रांसारखं काम छोट्या यंत्रावर व्हावं ही भूक त्याच्या जन्मातच आहे.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ, आणि त्यातलं कुठलं घ्यावं यावर जाणकारांत भांडणं चालतात. ती ऐकायला मजा येते, पण त्यात वेळ घालवू नये. चार जीबी रॅम असेल तर मी लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घालते. विंडोजची सवय असलेल्या माणसाला खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेनू सापडला की तो शांत होतो. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स मिळणार आहेत, म्हणजे ज्या यंत्राला ‘आयुष्य संपलं’ म्हणून सांगितलं गेलं त्याची अजून काही वर्षं बाकी आहेत. दोन जीबीवाल्याला आणखी हलकं काही शोधावं लागतं. अगदी जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांसाठी आता पर्याय आटत चाललेत. डेबियन या जुन्या लिनक्सनंही २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून त्यांचा इन्स्टॉलर बंद केला. अँटीएक्ससारखी काही मंडळी अजून तग धरून आहेत. काही बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच सुरू करून बघता येतं. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, हे सगळं डिस्कला हात न लावता कळतं. ही सोय मला फार आवडते. साडी घेण्याआधी खांद्यावर टाकून बघावी, तसं.

प्रत्येक यंत्र वाचवायचंच, असा माझा हट्ट नाही. इथे माझं या क्षेत्रातल्या उत्साही पोरांशी जमत नाही. पेंटियम ४ चा जुना डबा कुणा गरीब मुलाच्या गळ्यात मारणं म्हणजे त्याच्या घराला विजेचं बिल भेट देणं. तो आवाज करतो, तापतो, आणि आजचं ब्राउझर त्यावर रडतं. जाड काचेचे जुने मॉनिटर तर नकोतच. त्यांच्या काचेत शिसं असतं. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबायची नाही, भोसकायची नाही, काढून वेगळी द्यायची. या गोष्टींची जागा सहाव्या डब्यातच आहे, आणि तो डबा आहे म्हणून मी महापालिकेची खरोखर ऋणी आहे. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणात गेला, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात आहे. उरलेल्याचं काय होतं ते दिल्लीच्या सीलमपूरला किंवा मुरादाबादला गेलेल्याला विचारा. तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतात, आणि हातमोजे बहुतेक वेळा नसतात. रीतसर कारखान्यात गेलं तरी यंत्राचे शेवटी धातूच होतात. लॅपटॉपच्या एकूण आयुष्यात होणाऱ्या प्रदूषणातला मोठा वाटा तो बनतानाच झालेला असतो. तो वितळवून परत मिळत नाही. चालू यंत्र आणखी पाच वर्षं चालवलं तरच तो काहीसा वसूल होतो.

आता वाटपाबद्दल. संगणक देणं सोपं आहे. फोटो काढून घेता येतो, मंडळाच्या गणेशोत्सवात सत्कार करता येतो. अवघड असतो तो त्यानंतरचा महिना. घरी आलेलं यंत्र तिसऱ्या दिवशी काहीतरी विचारतं, आणि घरात त्याचं उत्तर देणारं कुणी नसतं. मग ते कपाटावर जातं, त्यावर टोपली येते, आणि पुढच्या दिवाळीत पुन्हा खाली. म्हणून आम्ही दोघीतिघींनी एक नियम केला: चालत जाता येईल एवढ्या अंतरापलीकडे संगणक द्यायचा नाही. लोक नाराज होतात. एका ओळखीच्या बाईंना खंडव्याच्या शाळेसाठी हवे होते. तिथे कोण बघणार, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, “शाळेत सर आहेत ना.” सर असतात, पण सरांची बदलीही असते.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे. तिथल्या मुलीला सीपीसीटी द्यायची होती. मध्य प्रदेशात कारकुनी नोकऱ्यांसाठी ही संगणकाची परीक्षा लागते, आणि तिच्यात हिंदी टायपिंग असतं. टायपिंगच्या क्लासमध्ये तासाला पैसे मोजून सराव चालला होता. तिला एक लॅपटॉप दिला. मिंटमध्ये हिंदी आणि मराठी दोन्हींचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मुळातच असतो, काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन जोडला की झालं. क्लासमध्ये ती रेमिंग्टन शिकली होती, टाइपरायटरच्या मांडणीचा. बदलू की नको, यावर ती, मी आणि तिचे वडील, असा तिघांचा बराच खल झाला. वडील इस्त्री फिरवत म्हणाले, “जिसमें हाथ बैठा है, वही रखो.” मी आपली इनस्क्रिप्टची बाजू मांडत होते, की सरकारी प्रमाण आहे, एक शिकलं की बहुतेक भारतीय लिपींत टाइप करता येतं, इंग्रजी के च्या जागी हिंदीतही क आणि गुजरातीतही क. तिनं आमच्या दोघांचंही ऐकून घेतलं आणि रात्री स्वतः दोन्ही करून पाहिले. इनस्क्रिप्ट निवडला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, हे तिला आवडलं म्हणाली.

दुसरा अनुभव अगदी वेगळा. नारायण बागेजवळ राहणारे एक काका, वय पंच्याऐंशीच्या आसपास, यांनी इंदुरातल्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी वीस वर्षं टाइप करून ठेवल्या होत्या. जुन्या डेस्कटॉपवर. तो बंद पडला. डिस्क ठीक होती. फाइल्स काढून घेतल्या, नव्या यंत्रावर लिब्रे ऑफिस या लिखाणाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, तर पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरं. काकांचा चेहरा उतरला. झालं होतं असं, की युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारं प्रमाण, घरोघरी पोचायच्या आधी आपल्याकडे फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रं बसवली होती. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच; त्यांना मराठी कपडे घालणारा फॉन्ट गेला की आतलं उघडं पडतं. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याकडे वाचता यायचं नाही. फॉन्टची जुनी सीडी काकांच्या खणात, लग्नाच्या व्हिडिओंच्या सीड्यांखाली सापडली. मग ते सगळं युनिकोडमध्ये वळवलं. वळवताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकते, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते. ते दुरुस्त करायला काका स्वतः बसले. रोज थोडी थोडी पानं. ‘हा वाडा मी चुकीच्या गल्लीत टाकलाय,’ असं म्हणत त्यांनी मजकूरही बदलायला घेतला. आता ते काम लवकर संपेल असं दिसत नाही, आणि त्यांना ते संपवायचं आहे असंही वाटत नाही.

आमच्याकडे कशाकशाला उत्तर नाही, हेही सांगते. दुकानदाराला हिशेबासाठी टॅली हवं असतं. त्याला मी सरळ सांगते, तुमचं विंडोजच बरं. काही प्रिंटर असे हट्टी, की त्यांच्या कंपनीनं लिनक्ससाठी नीट काही केलेलंच नाही. सरकारी कामासाठी डिजिटल सही वापरणारे सीए असतात, त्यांच्या वाटेला मी जात नाही. बाकी विद्यार्थी, गृहिणी, पेन्शनर, शिकवण्या घेणाऱ्या बायका, यांचं नव्वद टक्के काम ब्राउझरमध्ये असतं, आणि फायरफॉक्स कुठल्याही यंत्रावर फायरफॉक्सच असतं.

देणाऱ्यांचा मुख्य अडथळा मात्र तंत्राचा नाही, भीतीचा आहे. जुन्या डिस्कवर पासबुकांचे स्कॅन, आधार कार्ड, बारशापासूनचे फोटो. ‘डिलीट केलंय सगळं,’ असं लोक सांगतात. डिलीट केल्यानं फाइल जात नाही, तिचा पत्ता तेवढा पुसला जातो. म्हणून फिरत्या डिस्कवर शून्यं लिहून ती भरून टाकायची आणि एसएसडी असेल तर तिच्याच आतल्या पुसण्याच्या आज्ञेनं साफ करायची. हे मी मालकासमोर करते. आधी फोटो त्यांच्या पेनड्राइव्हवर. त्यात नेहमी दोन तास जातात, कारण प्रत्येक फोटोपाशी थांबून कोण कुणाचं ते सांगितलं जातं. मी चहा घेत ऐकते. इंदुरात एखाद्याच्या घरी काम लवकर आटपून निघणं तसंही कठीणच. पोहे येतात, त्यावर शेव येते.

आमच्या शहरात महापालिकेची बर्तन बँक आहे. लग्नकार्याला तिथून स्टीलची भांडी न्यायची, धुऊन परत करायची, म्हणजे थर्माकोलच्या पत्रावळींचा ढीग होत नाही. हे जमू शकतं, तर झोनच्या कार्यालयात संगणकांचं एक कपाट का जमू नये? २०२२ च्या ई-कचरा नियमांत जुनं यंत्र दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणाऱ्यांना वेगळी जागा दिलेली आहे, त्यांची नोंदणी होते. जेल रोडवर कसबी हात आहेत. केरळमधल्या सरकारी शाळा गेली कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात, म्हणजे हे घराघरातल्या हौशींपुरतंच आहे असंही नाही. कचऱ्याच्या गाडीसोबत येणारा माणूस विचारू शकतो, “चालू है क्या?” एवढा एक प्रश्न गाडीच्या वेळापत्रकात बसला, तरी पुष्कळ होईल.

दरम्यान एक नवीच पंचाईत उभी राहिली आहे: परत मागणारे. ज्या शेजाऱ्यांचा लॅपटॉप इस्त्रीवाल्यांच्या मुलीला दिला, त्यांनी कपडे द्यायला गेले असताना तो दुकानात चालू बघितला. झाकण उघडताच जागा होणारा. संध्याकाळी दारात उभे.

“वहिनी, हा तर मस्त चालून राहिलाय! तुम्ही मला बोलला नाहीत.”

“तुम्ही टाकून देत होता.”

“तेव्हा चालत नव्हता ना.”

मी म्हटलं, तिची परीक्षा तोंडावर आहे, तो आता तिचा. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, नातवाचा एक डेस्कटॉप माळ्यावर आहे, त्याचं काही होईल का? दुसऱ्या दिवशी रिक्षातून घेऊन आले. एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, जळलाय, एक कपॅसिटर फुगलाय, रॅम चार जीबी आहे. भैयाला फोन केला, तर म्हणाला शनिवारी आणा. यावेळी शेजारीही बरोबर येणार आहेत. त्यांना ते खोडरबराचं खरं वाटत नाही.